वादळाची वाट पाहणारे गाव

भारतातून कोणाचे आई-वडील आले की आपल्या ह्यूस्टनकरांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहिल्या शनिवारी पेअरलंडचे मीनाक्षी मंदिर, दुसऱ्या शनिवारी नासा आणि तिसऱ्या शनिवारी गॅल्व्हस्टन. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा. समुद्र बघून पाहुणे थोडे हिरमुसतात. गणपतीपुळे पाहिलेल्या माणसाला ते मातकट पाणी आवडावे कसे? मग आपण त्यांना किनाऱ्यालगतच्या उंच भिंतीवरून थोडे चालवतो, फोटो काढतो आणि उन्हं उतरायच्या आत गाडीत बसवून घरी आणतो.

त्या भिंतीवरून मी निदान वीस वेळा तरी चाललो असेन. ती तिथे का आहे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला माझ्या आईला. आई श्रीवर्धनची. १९९६ साली ती पहिल्यांदा इकडे आली, भिंतीच्या कठड्याशी उभी राहिली, खाली वाळूकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढी उंच कशाला रे बांधली?"

"पाणी आत येऊ नये म्हणून," मी म्हटले.

"ते कळलं. पण कधी आलं होतं?"

मला उत्तर देता आले नाही. लाज वाटली म्हणून लायब्ररीतून पुस्तके आणली आणि मग वाचतच राहिलो. मंडळाच्या अंकासाठी काही तरी लिहा असे संपादक अनेक दिवस मागे लागले होते. तेव्हा आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर आज इथे लिहितो. उत्तर आहे शनिवार, ८ सप्टेंबर १९००.

बेट आणि त्याचा समुद्र

गॅल्व्हस्टन हे सुमारे सत्तावीस मैल लांब आणि फार तर तीन मैल रुंद असे वाळूचे बेट. एका बाजूला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या बाजूला खाडी, जिला इकडे 'बे' म्हणतात. १९०० च्या जनगणनेत तिथे सदतीस हजारांवर माणसे होती. कापसाच्या निर्यातीचे ते मोठे बंदर होते. श्रीमंत व्यापाऱ्यांचे वाडे, विजेचे दिवे, टेलिफोन, ट्रॉलीगाड्या, समुद्रात खांबांवर उभी केलेली स्नानगृहे, सगळे काही होते. नव्हती ती उंची. बेटावरची सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा नव्हती. बाकीचे गाव त्याहून खाली.

आता हे ऐकून मुंबईचा माणूस म्हणेल, त्यात काय? आमच्याकडे मोठ्या उधाणाला पाणी पंधरा-सोळा फूट चढते आणि मुकाट्याने उतरते. बरोबर आहे. पण आपल्या किनाऱ्याला त्याची सवय आहे. कोळीवाडा, धक्का, माडाची वाडी, सगळे भरतीची रेघ पाहून बसवलेले असते. गॅल्व्हस्टनला रोजची भरती-ओहोटी जेमतेम दीड-दोन फुटांची. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र उंबऱ्याशी पाळलेल्या जनावरासारखा बसून होता. त्यामुळे लोकांनी घरे अगदी त्याच्या तोंडाशी बांधली. तिथे पंधरा फूट पाणी चढणे म्हणजे काय, याची कल्पना करायला गावापाशी मोजमापच नव्हते.

अधूनमधून वादळात गल्ल्यांतून पाणी यायचे. त्याला ते लोक 'ओव्हरफ्लो' म्हणत. घरे खांबांवर उचललेली असत, पाणी खालून जाई, दुसऱ्या दिवशी ओसरे. मुलांना शाळेला सुट्टी मिळे. मोठी माणसे म्हणत, आम्ही असली बरीच पाहिली. पुढे जे झाले ते समजून घ्यायचे तर हे वाक्य लक्षात ठेवायला हवे.

तज्ज्ञाचा शब्द

गॅल्व्हस्टनला कोणी सावध केलेच नव्हते, असे नाही. किनाऱ्यावरच नैर्ऋत्येला शंभराहून अधिक मैलांवर इंडियानोला नावाचे बंदर होते. १८७५ साली हरिकेनने ते उद्ध्वस्त केले. लोकांनी पुन्हा बांधले. १८८६ साली पुन्हा उद्ध्वस्त झाले आणि मग माणसांनी ते सोडूनच दिले. हे पाहून गॅल्व्हस्टनच्या काही पुढाऱ्यांनी समुद्राला भिंत घालण्याची गोष्ट काढली. चर्चा झाली, खर्चाचे आकडे निघाले, उत्साह मावळला. असो. सभा आणि ठराव यांचे हे प्राक्तन आपल्यालाही परिचयाचे आहे.

त्यातच १८९१ साली गावातल्या सरकारी हवामान कार्यालयाचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी स्थानिक वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. हा हुशार, कष्टाळू आणि वैद्यकीची पदवीही मिळवलेला माणूस. त्यांनी लिहिले की गॅल्व्हस्टनला वादळापासून मोठा धोका आहे ही समजूत खुळचट आहे. कारण काय, तर इथला समुद्रतळ फार हळूहळू खोल होत जातो, त्या उथळ पाण्यात लाटांचा जोर मोडेल. आणि पाणी चढलेच तर ते बेटामागच्या सखल मैदानात पसरून जाईल.

विज्ञानाच्या दृष्टीने हे अगदी उलटे होते. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेले पाणी तळाकडून मागे परतू शकते. उथळ समुद्रात त्याला परतायला वाटच नसते. पसरट परातीतल्या पाण्यावर जोराने फुंकर मारली तर ते पलीकडच्या कडेला चढते, तसे ते किनाऱ्यावर चढत जाते. इंग्रजीत याला 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात. आपण वादळी उधाण म्हणू. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो म्हणूनही पाणी थोडे फुगते, पण ते फार तर फूट-दोन फूट. खरे काम वारा करतो, आणि उथळ किनारा त्याला साथ देतो. क्लाइन यांना जी ढाल वाटली तीच गावाच्या मुळावर येणार होती.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने रूढ केला तो हेन्री पिडिंग्टन हा कलकत्त्याचा रहिवासी. सुंदरबनाजवळ मातला नदीवर नवे बंदर काढण्याचे घाटत होते, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरलला कळवले होते की एक दिवस तिथे वादळाचे पाणी चढेल आणि सगळे नेईल. कोणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाच्या पाण्याने ते मोडले. तिथे जाणत्याने धोका सांगितला आणि ऐकला गेला नाही; गॅल्व्हस्टनला जाणत्याने धोका नाही असे सांगितले आणि लोकांनी ते आनंदाने ऐकले. परिणाम दोन्हीकडे एकच.

हवानाचे म्हणणे

१९०० च्या ऑगस्टअखेर अटलांटिकमध्ये एक वादळ जन्मले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्यूबावरून गेले. तिथे त्याने पाऊस पाडला, पण फार मोठे रूप दाखवले नाही. हवानामध्ये जेझुइट पाद्र्यांची बेलेन नावाची वेधशाळा होती. हरिकेनच्या अभ्यासात तिचा हात धरणारे त्या काळी कमी होते. तिथले फादर गँगोइटे आणि त्यांचे सहकारी यांचे मत पडले की हे वादळ आखातात शिरेल आणि बळावेल.

वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचे मत निराळे होते. त्यांच्या मते असली वादळे वळतात, तेव्हा हेही फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकच्या किनाऱ्याने वर जाईल. क्यूबा त्या वेळी अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता. तिथले स्थानिक अंदाज उगाच घबराट पसरवतात, असे अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटे. म्हणून ऑगस्टमध्येच हवानाहून वादळाच्या अंदाजाच्या तारा पाठवण्यावर बंदी आली होती. ज्यांना ठाऊक होते त्यांचे तोंड असे बंद झाले.

समुद्रात काय चालले आहे ते जहाजांना दिसत होते. पण १९०० साली जहाजांवर बिनतारी यंत्रणा नव्हती. न्यू ऑर्लिन्सहून निघालेली 'लुइझियाना' बोट ६ सप्टेंबरला आखाताच्या मध्यावर त्या वादळाच्या तडाख्यात सापडली. तिच्या कप्तानाला जे कळले ते किनाऱ्याला सांगायचा काहीच मार्ग नव्हता.

शुक्रवारी, ७ तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास वॉशिंग्टनच्या हुकुमावरून गॅल्व्हस्टनला वादळाची सूचना देणारे लाल निशाण चढले. ते साध्या वादळाचे निशाण होते. हरिकेनचे निशाण वेगळे असे, दोन लाल बावट्यांचे. ते चढले नाही.

शनिवारची सकाळ

शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास क्लाइन यांचा धाकटा भाऊ जोसेफ याने त्यांना उठवले. तोही त्याच कार्यालयात कामाला होता. अंगणात पाणी आले होते. क्लाइन यांनी टांगा जोडला, किनाऱ्यावर गेले आणि घड्याळ लावून लाटा मोजल्या. मोठमोठ्या लाटा सावकाश, अंतराअंतराने येत होत्या. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. त्या वाऱ्याने पाणी मागे हटायला हवे होते. ते वाऱ्याच्या विरुद्ध चढत होते. असे पूर्वी कधी पाहिलेले नाही, अशी तार त्यांनी वॉशिंग्टनला केली.

वादळ अजून शेकडो मैल दूर असताना त्याचे पाणी पुढे आले होते. पण आकाशात सकाळी थोडे ऊन होते, बॅरोमीटर किंचितच उतरला होता. लोकांना वाटले, वारा नाही, तर वादळ कसले? गावाने काय केले? माणसे ट्रॉलीत बसून समुद्र बघायला गेली. लाटा स्नानगृहांचे लाकूडकाम मोडत होत्या, ते पाहायला गर्दी झाली. बायका-मुले नटून गेली. गल्ल्यांतल्या पाण्यात पोरांनी फळ्यांचे तराफे केले. कचेऱ्या उघडल्या, पुरुष कामाला गेले. नेहमीचा ओव्हरफ्लो, असे सगळे म्हणाले. मूर्ख नव्हते ते. त्यांना जेवढा अनुभव होता तेवढ्यावर ते चालत होते.

क्लाइन यांच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार ते किनाऱ्याने टांगा फिरवत, लोकांना उंच भागात जा म्हणून सांगत होते. किती जणांना सांगितले याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. पण 'उंच भाग' म्हणजे तरी काय, तर नऊ फुटांच्या आतली जमीन.

दुपारी दृश्य पालटले. रिटर नावाच्या खानावळीत व्यापारी जेवायला बसले होते. वाऱ्याने इमारतीचे छत खचले आणि पाच जण जागीच गेले. ही बातमी गावात पसरली तेव्हा लोकांना पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मुख्य भूमीकडे जाणारे पूल पाण्याखाली जात होते. उत्तरेचा वारा खाडीचे पाणी पाठीमागून गावात ढकलत होता, पुढून आखात येत होते. दोन्ही पाणी गल्ल्यांत एकमेकांना भेटले. आता जायचे म्हटले तरी वाट नव्हती.

बोमाँटहून येणारी आगगाडी पलीकडे बोलिव्हार इथे अडकली, कारण तिला बेटावर आणणारी नाव धक्क्याला लागेना. गाडीत पंचाण्णव माणसे होती. पाणी डब्याशी आले तेव्हा दहा जण उतरले आणि पाण्यातून चालत दीपगृहाकडे गेले. दीपगृहात आधीच सुमारे दोनशे लोक जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीने बसले होते. ते सगळे वाचले. जे गाडीत कोरडे बसून राहिले, ते गेले.

साडेतीनच्या सुमारास जोसेफने ह्यूस्टनला टेलिफोनवरून निरोप दिला की गाव पाण्याखाली जात आहे. त्यानंतर तारा तुटल्या. ह्यूस्टनला, म्हणजे आपल्या गावाला, नंतर तिकडचे काहीच कळेना.

ती रात्र

संध्याकाळी सव्वासहा वाजता हवामान कार्यालयाच्या छपरावरचे वारा मोजण्याचे यंत्र उडून गेले. त्याआधी त्याने ताशी शंभर मैलांचा आकडा दाखवला होता. गावातल्या घरांवर स्लेटच्या दगडी पाट्यांची छपरे होती. १८८५ साली मोठी आग लागली होती, तेव्हा लाकडी छपरांऐवजी ही सुरक्षित म्हणून आली. त्या रात्री त्या पाट्या सुऱ्यांसारख्या उडत होत्या. बाहेर पडणाऱ्याचे डोके वाचणे कठीण. एका संकटासाठी घेतलेली काळजी दुसऱ्या संकटात अशी उलटली.

क्लाइन यांचे घर मजबूत होते. हवामानखात्याच्या साहेबाचे घर म्हणून शेजारपाजारचे पन्नासएक लोक तिथे आसऱ्याला आले. घर सोडून गावाच्या मध्यावर जावे असे आपण सुचवले होते, असे जोसेफने पुढे लिहिले आहे. आयझॅक यांची पत्नी कोरा गरोदर आणि आजारी होती. घरावर त्यांचा भरवसा होता. ते थांबले. वारा उत्तरेकडून पूर्वेला आणि मग आग्नेयेला फिरला, म्हणजे आता तो सगळे आखात गावावर ढकलू लागला. साडेसातच्या सुमारास क्लाइन दाराशी उभे असताना पाणी चार सेकंदांत चार फूट चढले, असे त्यांनी आपल्या अहवालात नोंदवले आहे. मोडलेल्या घरांचा ढिगारा आणि ट्रॉलीचे रूळ लाटांबरोबर घरावर आदळू लागले. घर कोसळले. दोघे भाऊ आणि तिन्ही मुली वाचल्या. कोरा गेली. आसऱ्याला आलेल्यांपैकी बहुतेक गेले.

गावाबाहेर किनाऱ्यावर सेंट मेरी अनाथाश्रम होता. तिथे त्र्याण्णव मुले आणि दहा जोगिणी होत्या. मुलांना भीती वाटू नये म्हणून जोगिणींनी त्यांच्याकडून 'क्वीन ऑफ द वेव्ह्ज' हे स्तोत्र म्हणवून घेतले. मग कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणून एकेकीने काही मुले आपल्या कमरेला बांधली. सुटून वाहून जाऊ नयेत म्हणून. तीन मोठी मुले वाचली. बाकीची सगळी गेली; काही बांधलेल्या दोरीसकट सापडली. त्या संस्थेच्या जोगिणींनी ते स्तोत्र दर ८ सप्टेंबरला म्हणण्याची प्रथा पुढे पाळली.

पाणी एकंदर पंधरा फुटांहून वर चढले. रविवारी सकाळी आकाश निरभ्र होते. तीन हजारांहून अधिक घरे नाहीशी झाली होती. मेलेल्यांचा नेमका आकडा कोणालाच ठरवता आला नाही. कमीत कमी सहा हजार, बहुधा आठ हजार, कदाचित त्याहून जास्त. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एका वेळी इतकी माणसे दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी गेलेली नाहीत.

प्रेते पुरायला जमीन कोरडी नव्हती. ती पडावांवर घालून समुद्रात नेली. हे काम करायला कृष्णवर्णीय माणसांना बंदुकीच्या धाकाने नेले गेले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. ती प्रेते लाटांबरोबर परत आली. मग चिता रचल्या आणि त्या कित्येक आठवडे जळत राहिल्या.

भिंत

वाचलेल्यांनी गाव सोडले नाही. त्यांनी तीन इंजिनियरांची समिती नेमली. तिच्यावर होते निवृत्त जनरल हेन्री रॉबर्ट. गंमत म्हणजे आपल्या वार्षिक सभेत 'मोशन', 'सेकंड', 'पॉइंट ऑफ ऑर्डर' म्हणून जे वाद होतात, ते ज्या 'रॉबर्ट्‌स रूल्स'च्या आधाराने होतात, ते याच रॉबर्टसाहेबांचे. सभेत त्यांच्या नावाने डोके धरणाऱ्या सभासदांनी पुढच्या वेळी भिंतीवर चालताना त्यांचे आभार मानावेत.

१९०२ च्या ऑक्टोबरात काम सुरू झाले आणि १९०४ च्या जुलैत सतरा फूट उंचीची, तीन मैलांहून लांब भिंत उभी राहिली. पुढे ती वाढवत दहा मैलांपर्यंत नेली. पण भिंतीहून मोठे काम तिच्या मागे झाले. त्यांनी सगळे गावच उचलले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅक लावून वर घेतल्या, ड्रेजरने समुद्रातली वाळू उपसून नळांतून त्यांच्याखाली भरली. सेंट पॅट्रिक चर्चला सातशे जॅक लागले. आपापले घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने केला. १९०३ ते १९११ इतकी वर्षे लोक चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून ये-जा करत होते. १९१५ साली तसेच मोठे वादळ आले. भिंत टिकली. शहरातले बळी १९०० च्या मानाने फारच थोडे होते.

आणि क्लाइन? वादळानंतर दिलेल्या अहवालातच त्यांनी लिहिले की भिंत असती तर पुष्कळ जीव वाचले असते. पुढे त्यांची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. तिथे त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: वादळाच्या वेळी पाणी कसे आणि किती चढते. चूक कबूल करण्याची ही त्यांची रीत असावी.

गॅल्व्हस्टन वाचले, पण व्यापाराने पाय काढला. १९०१ च्या जानेवारीत बोमाँटजवळ तेल लागले, १९१४ साली ह्यूस्टनचा जलमार्ग खुला झाला आणि बंदर आत सरकले. आपल्यापैकी किती जण तेलाच्या आणि रसायनांच्या कंपन्यांत नोकरीसाठी इकडे आलो! हे शहर इतके मोठे का झाले याच्या अनेक कारणांपैकी एक कारण त्या शनिवारी घडले होते.

आपली गोष्ट

आता थोडे घरचे. २००५ च्या सप्टेंबरात रीटा वादळ येणार म्हणून पंचवीस लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली. आपण बहुतेक सगळेच त्यात होतो. सीब्रुकहून निघून एकोणीस तासांत आम्ही हन्ट्सव्हिलपर्यंतही पोचलो नाही. एसी बंद, पेट्रोल संपत आलेले, मागच्या सीटवर आई. वादळ शेवटी पूर्वेकडे वळले. त्या पळापळीत शंभराहून अधिक माणसे दगावली, म्हणजे वादळाने मेली त्याहून जास्त. त्या दिवशी मी ठरवले, पुन्हा कधी घर सोडायचे नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी हेच ठरवले होते, मला माहीत आहे.

तीन वर्षांनी, २००८ च्या सप्टेंबरात, आइक आले. आमच्याकडे दहा दिवसांचे गणपती बसले होते आणि आईही होती. टीव्हीवर 'कॅटेगरी दोन' असे सांगत होते. पाचांपैकी दोन. मी म्हटले, यात काय घाबरायचे? आमचा झिप कोड रिकाम्या करायच्या यादीत होता, तरी मी खिडक्यांना प्लायवुड ठोकत बसलो. आई म्हणाली, "वाऱ्याचं राहू दे. पाणी कुठवर येईल म्हणतायत?"

मी नकाशा पाहिला. अंदाज वीस फुटांच्या घरात होता. आमची जमीन दहा फुटांवर. कॅटेगरी हा आकडा वाऱ्याचा असतो, पाण्याचा नसतो, हे मला, गॅल्व्हस्टनवरची पुस्तके वाचलेल्या माणसाला, तोपर्यंत सुचले नव्हते. इतिहास मला पाठ होता, पण मी त्या शनिवारच्या लोकांसारखाच मागच्या अनुभवावर चाललो होतो. त्यांचा अनुभव 'पाणी ओसरते' हा होता, माझा 'वादळ वळते' हा.

प्रश्न राहिला गणपतीचा. अनंत चतुर्दशी रविवारी, आणि तो गुरुवार होता. आईने सांगितले, "उत्तरपूजा करून घे आणि निघू या. देवाला सांगितलं तर तो ऐकेल. पाणी नाही ऐकायचं." मूर्ती मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. केटीला मित्राकडे जायला अडीच तास लागले. रविवारी वीज नसलेल्या त्या घरात, बादलीत आम्ही विसर्जन केले.

शनिवारी पहाटे आइक गॅल्व्हस्टनला लागले. पण बोलिव्हारचा रस्ता शुक्रवारी सकाळीच पाण्याखाली गेला होता. वारा यायच्या कितीतरी आधी. ज्यांनी शुक्रवारी दुपारी निघू असे ठरवले होते त्यांना निघता आले नाही. काहींना हेलिकॉप्टरने उचलले, सगळ्यांना नाही. आमच्या घरात दोन फूट पाणी होते. गाद्या, अल्बम, आईने आणलेली लोणची गेली. माणसे राहिली.

२०१७ पासून हवामान खाते पाण्याची सूचना वाऱ्यापासून वेगळी देऊ लागले, ही चांगली गोष्ट झाली. खाडीच्या तोंडाशी दरवाजे बांधण्याच्या मोठ्या योजनेला आइकनंतर चौदा वर्षांनी, २०२२ साली, काँग्रेसची मंजुरी मिळाली. इंडियानोला उद्ध्वस्त झाल्यावर गॅल्व्हस्टनने भिंत सुरू करायला सोळा वर्षे घेतली होती. मंजुरी म्हणजे भिंत नव्हे, हे विसरू नये.

तेव्हा मंडळी, एक विनंती. आपले घर समुद्रसपाटीपासून किती फुटांवर आहे आणि कोणत्या झोनमध्ये आहे, हे आज संध्याकाळी बघून फ्रिजवर लिहून ठेवा. क्लिअर लेक, सीब्रुक, लीग सिटी इथली कुटुंबे आणि केटी, सायप्रेस, शुगर लँडची कुटुंबे यांच्या जोड्या लावण्याची यादी मंडळात करत आहोत. पाचशे मैल पळायची गरज नसते; पाण्यापासून दूर, चाळीस-पन्नास मैलांवर ओळखीचे एक दार असले की पुष्कळ होते. ज्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे त्यांनी नाव द्यावे. ज्यांच्याकडे आई-वडील आलेले आहेत त्यांनी आधी द्यावे.

गणपतीची आरास करताना लक्ष आखाताकडेही असू द्या. आणि या वर्षी पाहुण्यांना भिंतीवर न्याल तेव्हा, कोणी विचारले "पाणी कधी आलं होतं?", तर आता तुम्हाला उत्तर ठाऊक आहे.